सतरा नंबरचे डोळे

संगमनेर
ता. १८ नोव्हेंबर १९७२

शांतवन यास,

तुझी बहीण मार्था हिचा सलाम. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे कुणी मेलेलं नाही. चार वर्षांनी लिहितेय म्हणजे कारण आहे, ते शेवटी सांगते. आणि मास्तर आहेस म्हणून लाल शाई घेऊन बसू नकोस. मी चौथीपर्यंतची, तीही मिशनच्या शाळेत मार खाऊन.

योहान गेल्यावर, आता नवऱ्यामागे ही काय करणार, स्टुडिओला कुलूप लागेल असं तुम्हा सगळ्यांना वाटलं होतं. लागलं नाही. लग्नं मी काढते, शाळेचे ग्रुप मी काढते, धुणं-छापणंही माझंच. तू योहानच्या मातीला आलास तेव्हा पाणीसुद्धा न घेता परत गेलास, त्यामुळे तुला यातलं काही ठाऊक नाही.

यंदा इथल्या हौशी मंडळींनी फोटोंची स्पर्धा काढली आहे. विषय 'माणूस'. मंडळाचे चिटणीस सूर्यभान सर म्हणून आहेत, कॉलेजात झाडापानांचं शिकवतात. पहिला-दुसरा नंबर ठरवणार ते. माझ्याकडे काम दिलंय ते वेगळंच. प्रत्येक फोटोच्या मागे कागद चिकटवायचा आणि त्यावर लिहायचं, काय जमलं, काय फसलं. मग फोटो ज्याचा त्याला परत. जाहिरातीत माझं नावही छापलंय, 'श्रीमती मार्थाबाई प्रत्येक स्पर्धकास स्वहस्ते सूचना लिहून देतील.' मलाच का, तर मंडळातले सगळे फिल्म धुवायला माझ्याकडे येतात आणि मी काउंटरवरच त्यांच्या चुका काढते. सर म्हणाले, बाई, तेच लिहून द्या, फक्त विधायक लिहा. विधायक म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, पाडायचं नाही, बांधायचं. मी म्हटलं, मग गवंडी बोलवा. त्यावर हसले आणि मला रीत घालून दिली. आधी चांगलं काय ते लिहायचं, मग चुकलं काय, मग पुढच्या वेळी काय करावं.

मी लिहिलेलं अर्धं त्यांनी पहिल्याच दिवशी खोडलं. एकानं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचा फोटो पाठवलाय. सगळ्या ओळीनं उभ्या, हातोड्या छातीशी धरून हसतायत. मी लिहिलं, 'बाया कामावर आहेत का वऱ्हाडात?' सरांनी ते बदलायला लावलं. 'उजेड छान पकडला आहे. बायांना उभं करू नये. त्या बसून काम करतात, तर आपणही खाली बसून फोटो घ्यावा.' बोलणं तेच, गूळ लावून. दुसऱ्यानं बैल आणि मालक काढलेत, त्यात बैलाचं शेपूट नि मालकाचं डोकं दोन्ही कापलंय. विषय माणूस, आणि माणसाचं राहिलं काय तर धोतर. त्यात चांगलं शोधता शोधता माझी सकाळ गेली. शेवटी लिहिलं, 'बैल तब्येतीनं चांगला आहे.' या वर्षात ते काय थोडं आहे?

फोटोवर नाव नसतं, नुसता नंबर. नावं बंद पाकिटांत, पाकिटं सरांच्या कपाटात. निकालाआधी उघडायची नाहीत.

तर त्यात सतरा नंबरचा एक फोटो आलाय. त्यात काय आहे ते मी आत्ता लिहीत नाही. तू आधी एवढंच कळव, आई कशी आहे. गोल गोल लिहू नकोस. उलट टपाली कळव.

मार्था

तुझ्या दयाला आशीर्वाद. आता मॅट्रिकला असेल ना? एवढीशी होती तेव्हा सुट्टीत स्टुडिओत येऊन माझे ब्रश पळवायची.


संगमनेर
ता. २७ नोव्हेंबर १९७२

शांतवन यास,

तुझं कार्ड पोचलं. 'आई बरी आहे. फोटोचं काही समजलं नाही. तू येण्याची तसदी घेऊ नये.' एवढंच. मी येते असं लिहिलंच कुठं होतं? न विचारलेल्याला नको म्हणतोस, म्हणजे घरात काहीतरी झाकलेलं आहे.

बाबांच्या वेळीही तू 'बरे आहेत' असंच कळवलं होतंस. मी पोचले तेव्हा त्यांच्यावर पांढरी चादर होती. म्हणून तुझा 'बरी' हा शब्द माझ्याकडे चालत नाही.

आता ऐक. सतरा नंबरात आपली आई आहे.

ओसरीत भिंतीला टेकून बसलीय. तीच ओसरी, धान्याची कणगी बाजूला दिसते, कोपऱ्यात पोपडा निघालाय तोही तसाच आहे. शाल गळ्यापर्यंत ओढलेली. डोकं भिंतीला लागलेलं, जरा वर. हात मांडीवर. आणि डोळे उघडे.

तू म्हणशील, मग झालं काय? सांगते. तू माझ्या धंद्याला नाक मुरडत आलास, म्हणून तुला नीट माहीत नसेल. आपल्याकडे माणूस जन्मभर एक फोटो काढून घेत नाही आणि गेला की घरचे स्टुडिओकडे पळत येतात. आम्ही जातो. मयताला बसवतात. पाठीशी गोधडीची वळकटी, डोकं भिंतीला, शाल गळ्यापर्यंत, म्हणजे हनुवटीला बांधलेलं फडकं दिसू नये. फोटो छापला की मिटलेल्या पापण्यांवर मी ब्रशनं डोळे काढते. कड, बुबुळ, आणि बुबुळात एक पांढरा ठिपका. ठिपका नसेल तर डोळा जिवंत वाटत नाही. योहान फोटो घ्यायचा आणि डोळे मी उघडायचे. या तालुक्यातल्या कितीक घरांत भिंतीवर माझे डोळे आहेत.

आईचे डोळे काढलेले आहेत. मला फसवू नकोस. ठिपका कणगीच्या बाजूला पडलाय. आपल्या ओसरीला उजेड दारातून येतो, कणगीकडे खिडकीसुद्धा नाही. त्या भिंतीतून उजेड कुठला येणार? हे ज्यानं केलं त्यानं ती ओसरी नीट पाहिलेली नाही. कुणाला बोलावलं होतंस, पारनेरच्या बाजारातल्या एखाद्या फोटोवाल्याला? काम भिकार आहे. बुबुळं निळसर दिसतात, कडा जाड, बाहुलीसारख्या. शिवाय उजवा हात पुसट झालाय, ओल्या फोटोवर कुणीतरी अंगठा ओढलेला दिसतो.

पण काम वाईट आहे म्हणून मी तुला लिहीत नाही.

बाबांच्या वर्षाला मी त्यांचा फोटो चौकटीत घालून आणला होता, ते आठव. डोळे मी उघडले होते. जीव ओतून. आईनं तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. तेव्हा ती एक वाक्य बोलली. तू पाळकसाहेबांना वेशीपर्यंत सोडायला गेला होतास, ते वाक्य ती आणि मी, दोघींनीच ऐकलंय. मी उलटून बोलले. मग तू परत आल्यावर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. तेवढं तू ऐकलंस.

आणि आता तिच्यावर तेच केलंत? जिनं नवऱ्याचे काढलेले डोळे भिंतीकडे फिरवले, तिचेच डोळे काढवून घेतलेत? आणि मला कळवायची हिंमत नाही म्हणून तिला स्पर्धेत घातलंत, की मार्थानंच ओळखावं नि मार्थानंच मागे लिहावं?

ती आहे म्हणतोस ना? मग तिला विचार, फोटो फिरवताना ती मला काय म्हणाली. ते वाक्य लिहून पाठव. मग मी मानेन.

मार्था


संगमनेर
ता. ८ डिसेंबर १९७२

शांतवन यास,

तुझं उत्तर वाचलं. 'आई म्हणते ते उकरू नको.'

मेलेली माणसंही हेच म्हणतात, उकरू नको.

आणखी लिहितोस की आई आहे, तू शंका घेऊ नकोस, पण 'काही कारणानं' तू आत्ता येणं बरं नाही, तिनंच तसं बजावलंय, कारण विचारू नये. मास्तरकीत एवढी वर्षं गेली आणि तुला खोटं बोलायलाही आलं नाही. पोरांना बरा शिकवत असशील. आणि पत्राच्या खाली दुसऱ्या अक्षरात काहीतरी लिहून खोडलंय. उजेडाला धरून पाहिलं तर नुसतं 'आत्या' एवढं वाचता येतं. दयाला काय सांगायचं होतं आणि ते खोडलं कुणी?

सूर्यभान सरांकडे गेले होते. म्हटलं, कपाट उघडा, सतरा नंबरचं पाकीट मला पाहू द्या. नियम म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या नियमाला माझी आई गेली का आहे ते विचारा. त्यांना काही उमगेना. चहा मागवला. मला त्यांचाही संशय आला, खरं सांगते. इतक्या फोटोंत यांनी सतरा नंबरावरच का बोट ठेवावं? म्हणाले, बाई, माझ्या मनात पहिला नंबर याचाच आहे, काय ती चेहऱ्यावरची शांती. शांती असणारच. मी उठून आले.

बाकी सगळ्या फोटोंच्या सूचना लिहून झाल्या. सतरा नंबरचा कागद कोरा आहे. सर रोज निरोप पाठवतात. काय लिहू? चांगलं काय, चुकलं काय, पुढच्या वेळी काय करावं. मयताला पुढची वेळ असते का?

आता तुझं पत्र नको, कार्ड नको. येत्या गुरुवारी मी येतेय. फाट्यावर उतरून चालत येईन, कुणाला न्यायला पाठवू नकोस. तिची आज्ञा ती जिवंत असेपर्यंतची होती. ती असेल तर मी उंबऱ्याबाहेरून पाहून परत जाईन. नसेल, तर मला कबर दाखव, आणि घरात तो फोटो लावलेला असला तर मी तो काढून घेऊन जाईन. पिशवीत ब्रश आणणार नाही, घाबरू नकोस.

मार्था


संगमनेर
ता. १७ डिसेंबर १९७२

दया हिस,

आत्याचा सलाम. हे पत्र तुझ्या नावानं लिहितेय, पण शेवटचा कागद आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे. त्याआधीचं तू एकटीनं वाच. तू शाळेत होतीस आणि तुझा बाप रेशनची मिलो ज्वारी दळून आणायला गिरणीवर गेला होता, तेव्हा ओसरीत काय झालं ते तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. म्हातारी सांगणार नाही. मला ती ओळखते तशी मीही तिला ओळखते.

दार सताड उघडं होतं. घरात कुणी नाही असं वाटलं. मग दिसली. खाटेवर बसून सुपात मिलो निवडत होती. सुपाकडे बघत नव्हती. समोर कुठंतरी बघत होती आणि बोटं दाण्यांतून फिरत होती, खडा लागला की बाजूला. दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली, ताक ओतल्यासारखी. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.  

तिनं हात थांबवला. नाकानं वारा ओढला.

"मार्थे, अजून त्या फोटूच्या औषधाचा वास येतोय गं तुझ्या अंगाला."

मी म्हटलं, तू जिवंत आहेस.

"मग? तुला काय कोनी सांगावा धाडला हुता?"

म्हटलं, सतरा नंबरानं धाडला. तर हसायला लागली. सूप हलून दाणे सांडले, कोंबड्या धावल्या, त्यांना शिव्या दिल्या. मी तशीच बाहेर. मला म्हणाली, उनात का हुबी? म्हटलं, तूच उंबरा बंद केलायस. ती म्हणाली, "म्या म्हनलं हुतं खरं. पर तवा मला दिसत हुतं. आता कोन आत आलं नि कोन न्हाई, मला काय कळतंय? ये."

तर आले मी आत.

तिनं मग सांगितलं. दिसायचं बंद झाल्यापासून तिनं तुझ्या बापाकडून वचन घेतलं होतं की मार्थीला कळवायचं नाही, ती कीव करायला येईल आणि मला कीव नको. म्हणून शांतवन तसं अर्धंमुर्धं लिहीत होता. मी त्याला खोटारडा म्हटलं. तो खोटारडा नाही, नुसता अडाणी आहे. त्याला हे सांगू नकोस, मी स्वतः सांगेन.

आणि फोटोची गंमत तर तुम्हा दोघींची. संध्याकाळी तू रडत रडत कबूल केलंस, पण त्याआधीच तिनं मला सगळं सांगितलेलं होतं. तू पेपरातली जाहिरात तिला वाचून दाखवलीस, मार्थाबाई स्वहस्ते सूचना लिहून देतील, आणि म्हातारीच्या डोक्यात आलं. मार्थी पत्र लिहिणार नाही, आपण लिहिणार नाही, पण फोटो पाठवला तर तिला मागे लिहावंच लागेल. मैत्रिणीचा पेटी कॅमेरा तू आणलास. आणि डोळे काढ म्हणून आजीच तुझ्या मागे लागली. मी विचारलं, तुला, आणि काढलेले डोळे? तर म्हणते, "मार्थीला आंधळी म्हातारी दाखवू नगं म्हनलं म्या. तिला काढल्यालं डोळं आवडत्यात."

दया, एवढं टोचून बोलायला तिला दिसावं लागत नाही.

मग तिनं सुपातले दाणे एका बाजूला केले, परत दुसऱ्या बाजूला केले. मग म्हणाली, "शांत्या इचारत हुता, तवा काय म्हनलीस म्हून. त्याला कसं सांगू? पोरगा हाय त्यो." आणि तिनं ते वाक्य मला परत सांगितलं, चार वर्षांपूर्वी म्हणाली होती तसंच. "ह्यो माझ्याकडं बघत न्हाई, मार्थे."

एवढंच म्हणाली होती. मी तेव्हा काय बोलले ते आता लिहीत नाही. कष्टानं केलेल्या कामाला नाव ठेवलं म्हणून माझं डोकं फिरलं होतं. पण तिचं म्हणणं खरं होतं. मी ते डोळे सरळ समोर काढले होते, सगळ्यांचे काढते तसे. बाबा कधी समोर बघायचे नाहीत. आई भाकरी टाकत असली की ते खाली मान घालून, पापणीच्या आडून तिच्याकडे बघायचे. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि ब्रश हातात घेतल्यावर मी विसरले.

निघताना तिनं विचारलं, काय लिवलंस फोटोमागं? मी म्हटलं, अजून कोरा आहे. "मंग लिव की. त्याच्यासाठी तर एवढं केलं. पोरगी वाचून दाखवंल."

परत आल्यावर सतरा नंबर भिंगाखाली धरला. तो उजवा हात पुन्हा पाहिला. अंगठा ओढलेला नाही, ओल्यात काही झालेलं नाही. हात हललाय. तू संध्याकाळी म्हणालीस ना, आजीला हलू नको म्हटलं आणि तेवढ्यात कोंबडीनं शेजारच्या सुपात तोंड घातलं? तेच ते. ती कोंबडी हाकलत होती. मयताचा हात कधी हलत नाही, आणि तो हललेला हात माझ्यासमोर महिनाभर पडून होता. मी डोळ्यांपलीकडे पाहिलंच नाही. भांडायला मात्र तीन पाकिटं नि तिकिटं खर्च केली.

सूर्यभान सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तरीही पहिला नंबर यालाच देऊ. मी नाही म्हटलं. शाईनं डोळे काढलेला फोटो नियमात बसत नाही, आणि नियम त्यांचाच आहे, मला कपाट उघडू दिलं नव्हतं. तर तुला बक्षीस नाही, रुसू नकोस. निळी शाई वापरायची नसते हेही लक्षात ठेव. काळ्यात थोडी तपकिरी मिसळावी. खरं तर काहीच वापरू नये.

आता हे मोठ्यानं वाच.

फोटो नंबर सतरा.

चांगलं काय. उजवा हात. तो हललाय, तसाच राहू द्यावा, पुसू नये. पूर्ण फोटोत जिवंत तेवढाच आहे आणि तेवढा पुरतो.

चुकलं काय. डोळे. शाईचे आहेत, कुणाकडेच बघत नाहीत. शाल गळ्यापर्यंत ओढू नये, माणूस मेल्यासारखं दिसतं आणि लांबच्या माणसांचा जीव जातो.

पुढच्या वेळी काय करावं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला ओसरीत दाराकडे तोंड करून बसवावं. डोळे आहेत तसे ठेवावेत. सूप मांडीवर द्यावं, कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. कॅमेरा दयानंच धरावा. मी तिच्या मागे उभी राहीन, हाताचा औषधाचा वास न धुता. कुठे बघायचं ते म्हातारीला सांगावं लागणार नाही.

मार्था